विचारणारं कुणी नसतं तेव्हा

शाळेत असताना माझा अभ्यास झाला आहे की नाही, हे मला कधी ठरवावं लागलं नाही. ते ठरवणारी माणसं चिक्कार होती. वही तपासणाऱ्या बाई होत्या, अचानक उभं करून प्रश्न टाकणारे सर होते, चाचण्या होत्या, घरी 'आज काय शिकवलं?' होतं. कॉलेजात पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा एकेक छापील कागद हातात पडला. अभ्यासक्रम, संदर्भपुस्तकं, असाइनमेंटच्या आणि परीक्षांच्या तारखा. त्यानंतर कितीतरी आठवडे कुणीही मला काहीही विचारलं नाही.

याला सगळे स्वातंत्र्य म्हणतात. असेलही. मला त्यातली वेगळीच गोष्ट जाणवली. शाळेत शिकवणं आणि तपासणं एकाच खोलीत, बऱ्याचदा एकाच तासात चालतं. इथे शिकवणं आज आणि तपासणं दोन महिन्यांनी. मधल्या काळात आपल्याला काय येतं नि काय येत नाही, याची खबर द्यायला कुणी नसतं, आणि आपलं मन या बाबतीत अगदी बेभरवशाचं. पहिल्या सत्रात मी जे काही शिकले ते मुख्यतः हे मधलं अंतर कसं भरायचं ते. हुशारी होती तेवढीच राहिली.

माझे मुख्य विषय गणित आणि केमिस्ट्री. जोडीला मानसशास्त्राचा एक प्राथमिक पेपर घेतला होता, तो खरं तर वेळापत्रकात बसत होता म्हणून. पण त्यात स्मृती आणि अध्ययन हे प्रकरण लवकर आलं. सकाळी वर्गात ऐकलेलं संध्याकाळी स्वतःवरच करून बघायची सोय झाली. पुढे प्रयोगांचे जे आकडे येतील ते त्या पेपरातले.

आधी वेळापत्रकाचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अर्धं रिकामं दिसलं. दिवसाला तीन-चार लेक्चरं, एखादं प्रॅक्टिकल आणि मध्ये मोकळे तास. ते मोकळे नसतात, हे क्रेडिटचा हिशोब समजल्यावर कळतं. युरोपातल्या विद्यापीठांच्या सामायिक पद्धतीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याची २५ ते ३० तासांची मेहनत धरलेली असते, आणि वर्षाला ६० क्रेडिट. म्हणजे वर्षाचे १५०० ते १८०० तास. लेक्चर, वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी, सगळं त्यात आलं. इतर ठिकाणी हिशोबाची रीत वेगळी असते, पण वर्गातल्या एका तासाला बाहेरचे दोन तास हा ठोकताळा पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. वेळापत्रकावर छापलेला असतो तो या सगळ्यातला लहान हिस्सा, आणि मोठा हिस्सा कुठे बसवायचा ते आपलं आपण बघायचं.

हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईने मला एकच सल्ला दिला.

"दोन लेक्चरच्या मध्ये रूमवर यायचं नाही. आलीस की दिवस गेला."

"मग कुठे बसू?"

"कुठेही बस. रूम सोडून."

मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हाच सगळ्यात जास्त टिकला, कारण त्यात मनोनिग्रह वगैरे काही लागत नाही, फक्त पाय दुसरीकडे वळवायचे असतात. मधल्या तासाचं कामही मी कायमचं ठरवून टाकलं: आत्ताच झालेल्या लेक्चरची वही, दुसरं काही नाही. मोठं काम त्या तासात मावत नाही, आणि काय करू हे निवडत बसलं की निम्मा वेळ निवडण्यातच जातो. फोन बॅगेत, बॅग पायाशी. फोनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वही कशी लिहायची तेही नव्याने शिकावं लागलं. शाळेत 'लिहून घ्या' म्हटलं की लिहायचं. इथे सर बोलतात, निम्मं फळ्यावर लिहितात, आणि कळीचं वाक्य बहुतेक वेळा फळ्यावर येतच नाही. ते फळा पुसता पुसता बोललं जातं. आमच्या वर्गात निम्म्या जणांचे लॅपटॉप उघडे असायचे. मानसशास्त्राच्या मॅडमनी त्यावरून २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला. लॅपटॉपवर टिपणं घेणारे शब्दच्या शब्द उतरवतात. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, म्हणून त्यांना निवडावं लागतं. आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले. लगेच त्यांनी हेही सांगितलं की नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका स्वच्छ दिसला नाही. वर्गातला एकही लॅपटॉप मिटला नाही. मी हाताने लिहिते त्याचं कारण फार साधं आहे. केमिस्ट्रीतले वळणदार बाण टाइप करेपर्यंत सर पुढच्या अभिक्रियेवर गेलेले असतात.

टिपणांची जी पद्धत मला लागू पडली ती जुनी आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती १९५०च्या दशकात मांडली. पानाच्या डाव्या बाजूला दोन-अडीच इंचांचा पट्टा मोकळा ठेवायचा, उजवीकडे लेक्चर उतरवायचं, आणि तळाशी सारांशासाठी थोडी जागा. बरेच जण त्या डाव्या पट्ट्यात मथळे लिहितात. माझ्या मते त्याने पान देखणं होतं, इतकंच. मी तिथे फक्त प्रश्न लिहायचे, तेही लेक्चर संपल्यावर, त्या मधल्या तासात.

एका पानाचं सांगते. उजवीकडे होतं प्रतियोजन अभिक्रियांचं लेक्चर, म्हणजे कार्बनला चिकटलेला एक गट (इथे ब्रोमीन) जाऊन त्याच्या जागी दुसरा येतो त्या अभिक्रियांचं. त्याच्या दोन वाटा: एसएन-वन, जिथे जुना गट आधी सुटतो, आणि एसएन-टू, जिथे नवा येता येताच जुना जातो. डावीकडे माझे प्रश्न: "ब्रोमीन आधी सुटतो की नवा गट आधी येऊन चिकटतो?" "वेग दोघांच्या प्रमाणावर अवलंबून की एकाच्याच?" "तीन बाजूंनी गर्दी असलेल्या कार्बनवर एसएन-टू का जमत नाही?" आणि त्याखाली, जरा तिरकं लिहिलेलं: "मग त्याच कार्बनवर एसएन-वन उलट सोपी का?" हा शेवटचा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. वरचे तीन लिहून झाल्यावर तो आपोआप पडला, आणि उत्तर त्याच पानावर जरा वर होतं. ब्रोमीन निघून गेल्यावर जो धनभारित कार्बन उरतो, त्याला त्याच तीन गटांमुळे स्थैर्य मिळतं. ज्या गर्दीमुळे एक वाट बंद होते, तिच्यामुळेच दुसरी उघडते. उजवीकडे ही दोन वाक्यं पानाच्या दोन टोकांना होती, सरांनी ती वेगवेगळ्या ओघात सांगितली होती. प्रश्न विचारल्यामुळे ती शेजारी आली.

असे प्रश्न पाडायला वेळ लागतो, उत्तर लिहिण्यापेक्षा जास्त. सुरुवातीला माझे निम्मे प्रश्न 'अमुक म्हणजे काय?' याच जातीचे असत. 'का' आणि 'नाही तर काय होईल' हे प्रश्न सुचायला बरेच आठवडे जावे लागले.

आता यातली मुख्य गोष्ट. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक उतारा वाचून झाल्यावर पुन्हा वाचायचा, दुसरा वाचून झाल्यावर पुन्हा न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेला उतारा वरचढ ठरला, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर पारडं उलटलं: दोनदा वाचलेला ४२ टक्के आठवला, एकदा वाचून लिहून काढलेला ५६ टक्के.

सगळे हा आठवड्याचा आकडा सांगतात. मला पाच मिनिटांचा आकडा जास्त बोलका वाटतो. रात्री धडा दोनदा वाचला, पुस्तक मिटलं, मनातल्या मनात चाचपून बघितलं की सगळं लख्ख आठवतं. ते खोटं नसतंच! त्या क्षणी दोनदा वाचणाराच पुढे असतो. म्हणजे वाचत राहण्यावर आपला जो विश्वास बसतो तो आळसापोटी बसत नाही, रोज मिळणाऱ्या पुराव्यावर बसतो. फक्त तो पुरावा पाच मिनिटांचा असतो आणि परीक्षा दोन महिन्यांनी. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात ज्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला होता, त्यांनाच आपल्याला पुढे जास्त आठवेल अशी जास्त खात्री वाटत होती, आणि आठवड्याने तेच मागे पडले.

तेव्हापासून संध्याकाळच्या अभ्यासाची माझी रीत बदलली. वहीच्या उजव्या भागावर एक जाड पुठ्ठा, समोर कोरा कागद, आणि डाव्या पट्ट्यातले प्रश्न एकेक करून. उत्तर लिहायचं, बोलायचं नाही. बोलताना आपण स्वतःलाच फार सवलत देतो. 'ते आपलं त्या कार्बनमुळे होतं ना' एवढ्यावर तोंडी समाधान होतं. कागदावर मात्र कर्ता, कर्म, क्रियापद सगळं मांडावं लागतं आणि तिथेच पेन थांबतं.

हे थांबणं अत्यंत वैतागवाणं असतं, हे कुणी आधी सांगत नाही. आठवत असतं पण येत नसतं. पुठ्ठा जरासा सरकवला की सुटका होणार हे माहीत असतं. समोर मैत्रीण शांतपणे पानांमागून पानं पिवळ्या मार्करने रंगवत पुढे चाललेली असते, आणि आपण तासाभरात दीड पान. अभ्यास होतोय असं वाटतच नाही. पुस्तक वाचताना तरी पानं उलटल्याचं समाधान असतं. मी स्वतःला एवढीच अट घातली होती की अडलं तरी दोन-तीन मिनिटं पुठ्ठा हलवायचा नाही, जे सुचेल ते लिहायचं, चुकीचं असलं तरी. मग पुठ्ठा काढून लाल पेनाने दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर फक्त लाल झालेलं. आठवड्याच्या शेवटी पुन्हा सगळं, पण भराभर.

आठवड्याने पुन्हा का, यासाठी विसरण्याचा तो प्रसिद्ध आलेख दाखवला जातो. त्याच्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो फार चुकीच्या पद्धतीने वापरला जातो. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली तो मांडला, तोही एकाच माणसावर, म्हणजे स्वतःवर प्रयोग करून. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे, मध्ये काही काळ जाऊ द्यायचा, आणि पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसाने ३४, एकतीस दिवसांनी २१. याचा अर्थ 'दिवसभरात दोन तृतीयांश ज्ञान उडून जातं' असा लावून पोस्टर केली जातात. पण ते निरर्थक अक्षरगट होते, त्यात एकमेकांना धरून ठेवणारं काही नव्हतं. एसएन-वन समजलेल्या माणसाचं तसं होत नाही. मला त्या आलेखातून दोन गोष्टी कामाच्या वाटल्या. एक, घसरण सुरुवातीला जोरात आणि मग मंद होते, म्हणून लेक्चरनंतरचा तो मधला तास मोलाचा. दुसरी, महिन्याने काहीच आठवत नाही असं वाटलं तरी पुन्हा शिकायला पहिल्याइतके कष्ट पडत नाहीत. दिवाळं निघाल्यासारखं वाटतं तेव्हाही थोडी शिल्लक असते.

गणितात मात्र एकट्याने कोरा कागद पुरत नाही. त्यासाठी मी आणि वर्गातली एक मैत्रीण आठवड्यातून एकदा बसायचो. आधी पाच जणांचा ग्रुप केला होता, त्यात गप्पा फार व्हायच्या, त्यामुळे तो आपोआप विरला. दोघींत नियम एकच: समजावून सांगायचं नाही, फक्त विचारायचं.

एकदा लिमिटची व्याख्या लिहायची होती, एप्सिलॉन-डेल्टाची. एप्सिलॉन म्हणजे फंक्शनची किंमत लिमिटच्या किती जवळ हवी ते, आणि डेल्टा म्हणजे त्यासाठी एक्स त्या बिंदूच्या किती जवळ ठेवायचा ते. तिने लिहिलं: "असा एक डेल्टा असतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…" पुढे सगळं बरोबर. पुस्तकात आहे: "प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की…" शब्द तेच, फक्त जागा बदललेली. मी लाल पेन उचललं तर ती म्हणाली, "थांब, काय बिघडलं ते तरी सांग."

"सांगायचं नाही असं ठरलंय ना? तूच सांग, तुझ्या वाक्याप्रमाणे डेल्टा कधी निवडायचा?"

"आधी."

"एप्सिलॉन माहीत नसताना?"

ती गप्प झाली. मीही, कारण पुढचं उत्तर मलाही येत नव्हतं. मग दोघी मिळून तिचं वाक्य खरं मानून चालत राहिलो. डेल्टा एकदाच निवडला, तो सगळ्या एप्सिलॉनना पुरला पाहिजे. एप्सिलॉन तर हवा तेवढा लहान घेता येतो. म्हणजे त्या डेल्टाच्या पट्ट्यात फंक्शनची किंमत आणि लिमिट यांतला फरक प्रत्येक धन संख्येपेक्षा लहान हवा. असा आकडा एकच, शून्य. म्हणजे तिच्या व्याख्येप्रमाणे लिमिट असायला त्या बिंदूच्या आसपास फंक्शन सपाट, एकाच किमतीचं असावं लागेल. साध्या तिरक्या सरळ रेषेलासुद्धा मग कुठेच लिमिट उरत नाही! दोन शब्दांची अदलाबदल आणि अख्खं कॅल्क्युलस बुडालं. त्या दिवशी आम्हाला व्याख्या पहिल्यांदा कळली, तोवर ती नुसती पाठ होती. न्यूटन आणि लायब्नित्स यांनी कॅल्क्युलस १७व्या शतकात उभं केलं आणि ही व्याख्या आजच्या रूपात यायला वायरश्ट्रास यांच्यापर्यंत, म्हणजे १९वं शतक उजाडावं लागलं. आम्हाला ती एका लेक्चरात मिळाली होती, तेव्हा एखादी संध्याकाळ तिच्यावर घालवायला हरकत नसावी.

इंटिग्रेशनचं दुखणं निराळं. पुस्तकात प्रत्येक पद्धतीचं वेगळं प्रकरण, त्याखाली तीस गणितं, सगळी त्याच पद्धतीची. दहावं गणित येईपर्यंत हात आपोआप चालतो. परीक्षेत गणिताच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव नसतं. एक्स इंटू ई रेज टू एक्स, हे बाय पार्ट्सने सुटतं. त्यातल्या घातातल्या एक्सचा वर्ग केला की दिसायला जवळजवळ तेच, पण आता सबस्टिट्यूशनने दोन ओळींत उत्तर. आणि पुढचा एक्स काढून टाकून नुसतं ई रेज टू एक्स स्क्वेअर ठेवलं तर आपल्याला माहीत असलेल्या नेहमीच्या फंक्शनांत त्याचं उत्तरच लिहिता येत नाही. तिघांत फरक एकेका चिन्हाचा. पुस्तकातल्या क्रमाने सराव केला तर तो फरक बघायची वेळच येत नाही.

मॅडमनी याच्याशी जुळणारा प्रयोग सांगितला होता, रोरर आणि टेलर यांचा, २००७ सालचा. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. काहींनी एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, काहींनी सरमिसळ. सरावाच्या वेळी सलगवाले ८९ टक्के बरोबर, सरमिसळवाले ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्के, सरमिसळवाले ६३. हा आकडा ऐकल्यावर मी सगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवली, मागे उत्तर आणि पान क्रमांक, आणि सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात. दहा काढायच्या आणि आधी सोडवायच्याच नाहीत. प्रत्येकीखाली फक्त लिहायचं की कुठली पद्धत आणि कशावरून. हे दहा मिनिटांचं काम. मग त्यातली ज्यांच्यावर अडखळले तीच पूर्ण सोडवायची. गणिताच्या मध्यसत्र परीक्षेत मला याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

शंका विचारायला जाणं हीसुद्धा शिकायची गोष्ट निघाली. गणिताच्या सरांच्या केबिनबाहेर उभी असताना आतलं बोलणं ऐकू यायचं. माझ्या पुढचा मुलगा म्हणाला, "सर, हे पूर्ण प्रकरणच समजलं नाही." सर म्हणाले, "ठीक आहे. कुठपर्यंत समजलं?" त्याला सांगता येईना, सरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि तो मान डोलावून बाहेर आला. काय समजलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "सर चांगलं सांगतात." माझ्या हातात लाल शेऱ्यांचा कागद होता, त्यामुळे माझं काम पाच मिनिटांत झालं. "सर, तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली?" सरांनी बघितलं, हसले, म्हणाले, "इथे एक पायरी मी वर्गात गाळली होती." त्यानंतर मी कधीच कागदाशिवाय गेले नाही. शिक्षकांना त्रास देतोय असं वाटून बरेच जण जातच नाहीत. माझा अनुभव असा की नेमका प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचा त्यांना कंटाळा येत नाही, उलट त्यांनाच बसवून ठेवायचं असतं.

वाचनाच्या यादीचं फार लिहीत नाही. सगळं वाचून होत नाही, ते अपेक्षितही नसतं. प्रस्तावना, शेवट, मग मधले मथळे, आणि लेक्चरमधल्या प्रश्नांची उत्तरं जिथे असतील ते भाग नीट. बाकीचं सुट्टीत. सुट्टीत ते होत नाही हेही सांगून टाकते.

असाइनमेंटच्या तारखांचं मात्र थोडं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज आला साधारण ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. गंमत पुढे आहे. 'सगळंच बिघडलं तर किती?' असंही विचारलं होतं, त्याची सरासरी ४९च्या आसपास. म्हणजे सगळं बिघडेल असं मुद्दाम धरूनही अंदाज कमीच पडला. हे वाचल्यापासून मी अंदाज करणं सोडलं आणि नोंद ठेवायला लागले. प्रॅक्टिकलचा अहवाल लिहायला गेल्या वेळी खरोखर किती वेळ लागला, तोच आकडा पुढच्या वेळी धरायचा. 'या वेळी लवकर होईल' असं दर वेळी वाटतं. नोंदवही मान्य करत नाही.

सत्र संपताना केमिस्ट्री माझ्या अपेक्षेपेक्षा बरी गेली आणि मानसशास्त्र उत्तम. गणितात इंटिग्रेशन छान, प्रूफच्या प्रश्नांत मात्र हात आखडला, आणि तिथे माझी ही सगळी व्यवस्था अजून अपुरी पडते आहे. नव्या सत्रात लिनिअर अल्जिब्रा आलं आहे. व्याख्या आठवून लिहिता येतात, प्रमेयंही. पण समोर न पाहिलेलं विधान आलं आणि 'सिद्ध करा' म्हटलं, की कोऱ्या कागदावर आठवण्यासारखं काही नसतंच, कारण ते प्रूफ आधी कुठे वाचलेलं नसतं. हॉस्टेलमधल्या ताईला विचारलं. तिचं म्हणणं, विधानातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या आधी खाली लिहून काढ, मग जे दिलंय आणि जे हवंय त्यांत किती अंतर उरतं ते बघ. सध्या तसं करून बघते आहे. सबस्पेसच्या प्रश्नांत चालतं. व्याख्या लिहून झाल्या की बहुतेक वेळा दोनच पायऱ्या उरतात. लिनिअर इंडिपेंडन्समध्ये अजून अडकायला होतं. शुक्रवारी सरांकडे तोच कागद घेऊन जायचं आहे.